लांब शेपटीच्या जोडीचा जनक : ॲलन ब्लमलाइन

हृदयविकाराची शंका आली म्हणजे डॉक्टर रोग्याच्या हातापायांस व छातीस तारा जोडून हृदयाचा आलेख काढतात, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. हृदयाच्या ठोक्यासरशी शरीराच्या पृष्ठभागावर जो विद्युद्दाब उत्पन्न होतो, तो एक सहस्रांश व्होल्टाच्या आसपास असतो. उलटपक्षी खोलीतील दिवे, पंखे व भिंतींतून गेलेल्या तारा यांच्यामुळे त्याच शरीरावर घरगुती विजेचा जो गुणगुणाट चढलेला असतो, तो याहून कितीतरी पट मोठा असू शकतो. असे असताही कागदावर उमटते ती हृदयाची रेघ. तारांचा गुणगुणाट उमटत नाही. जत्रेच्या कोलाहलात आईने आपल्या मुलाची हाक तेवढी ओळखावी, तसाच हा प्रकार आहे. ज्या युक्तीने हे साधते तीस डिफरन्शियल ॲम्प्लिफायर, म्हणजे दोन संदेशांतील फरक तेवढा वाढवून देणारे मंडल, असे म्हणतात. या मंडलाच्या आज सर्वत्र रूढ असलेल्या रचनेचे पेटंट इ. स. १९३६ मध्ये ज्या इंग्रज इंजिनिअराने घेतले, त्याचे नाव ॲलन डाउअर ब्लमलाइन. त्याच्या अल्प परंतु अत्यंत फलदायी आयुष्याचा परिचय विद्यार्थिवर्गास करून देण्याचे येथे योजिले आहे.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडन शहराच्या हॅम्पस्टेड भागात झाला. त्याचे वडील सेमी ब्लमलाइन हे जन्माने जर्मन असून पुढे ब्रिटिश नागरिक झाले होते. आई जेसी हिचे वडील विल्यम डाउअर हे स्कॉटलंडचे असून लंडन मिशनरी सोसायटीतर्फे दक्षिण आफ्रिकेत मिशनरी म्हणून गेले होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, त्याची साक्ष ॲलनने सातव्या वर्षीच दिली. घराच्या दाराची विजेची घंटा बिघडली होती. ती त्याने दुरुस्त केली व दुरुस्तीचे रीतसर बिल लिहून, खाली विद्युत् इंजिनिअर म्हणून स्वतःची सही ठोकून, ते वडिलांपुढे ठेविले. त्या बिलावर पैसे चुकते केल्याची नोंदही पेन्सिलीने केलेली आहे, यावरून वडिलांनी हा व्यवहार गांभीर्याने घेतला असे दिसते.

परंतु याच मुलास वयाची बारा वर्षे होईपर्यंत नीट वाचता येत नसे, असे त्याच्या बहिणीने पुढे सांगितले. स्वतः ब्लमलाइन हे नाकबूल करीत नसे; त्या वयात आपणास वाचन नसले तरी वर्गसमीकरणे पुष्कळ येत होती, एवढेच तो हसून म्हणे. वाचनात मागे पडलेल्या मुलाची अक्कलच कमी, असा निकाल जे पालक घाईने देऊन टाकतात त्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. हायगेट शाळेतील अभ्यासक्रम संपवून तो शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात गेला, तेथे एकदम दुसऱ्या वर्षात त्यास प्रवेश मिळाला, आणि १९२३ साली तो पहिल्या वर्गात पदवीधर झाला.

१९२४ मध्ये तो इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनच्या कंपनीत लागला. तीच पुढे स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या काळी दूरदूरच्या टेलिफोनमार्गांवर एक मोठी पीडा असे. एका केबलमध्ये तारांच्या अनेक जोड्या शेजारी-शेजारी असल्यामुळे एका जोडीवरील संभाषण दुसऱ्या जोडीवर झिरपे व भलत्याच्याच कानी पडे. ब्लमलाइन व त्याचा सहकारी जॉन जॉन्स यांनी या मार्गांवर ठिकठिकाणी घालावयाच्या वेटोळ्यांची अशी रचना बसविली की हे झिरपणे पुष्कळ कमी झाले. याच सुमारास त्याने सूक्ष्म विद्युत्-मापनासाठी एक नवा ब्रिज तयार केला. तराजूत एका पारड्यात वस्तू व दुसऱ्यात वजन घालून काटा मध्यावर आणावा, त्याप्रमाणे ब्रिजमध्ये अज्ञात व ज्ञात अशा दोन राशी समोरासमोर ठेवून त्यांतील फरक शून्यावर आणावयाचा असतो. एकमेकांशी निकट जोडलेली दोन वेटोळी त्याने या तराजूच्या दांडीच्या जागी योजिली. दोन गोष्टी शेजारी ठेवावयाच्या, दोहोंत जे समान ते एकमेकांत जिरवावयाचे, आणि जो फरक उरेल त्याच्याकडे लक्ष द्यावयाचे, ही त्याच्या बुद्धीची ठेवण येथे प्रथम स्पष्ट दिसते, व पुढे निरनिराळ्या वेषांत ती वारंवार भेटते.

१९२९ साली त्याने ती नोकरी सोडली व कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आयझॅक शेनबर्ग या कर्तबगार व्यवस्थापकाच्या हाताखाली काम पत्करले. ध्वनिमुद्रिकेवर खाच कोरणाऱ्या यंत्राचे पेटंट तेव्हा अमेरिकेतील बेल कंपनीकडे असल्यामुळे त्याचा मोबदला भरावा लागे. तो चुकेल असे नवे यंत्र ब्लमलाइनने अल्पावधीत करून दिले, आणि ते जुन्यापेक्षा सरस निघाले. १९३१ मध्ये कोलंबिया व ग्रामोफोन या दोन कंपन्या एक होऊन ई. एम. आय. ही संस्था निर्माण झाली. यांपैकी ग्रामोफोन कंपनी म्हणजे शिंगासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्यांवर असे त्या तबकड्या काढणारीच होय. त्या तबकड्या आपल्याकडील आजोबा-पणजोबांच्या दिवाणखान्यांतही वाजल्या आहेत.

त्याच वर्षी ब्लमलाइन आपली भावी पत्नी डोरीन लेन हिच्यासमवेत बोलपट पाहावयास गेला होता. पडद्यावरील पात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई, परंतु त्याचा आवाज मात्र एकाच ध्वनिक्षेपकातून, एकाच जागेवरून येई. आंधळ्या प्रेक्षकास पात्र कोठे उभे आहे हे कसे कळावे, असा विचार त्याच्या मनात आला, आणि आवाजाने पात्रामागे जावे अशी तोड आपणापाशी आहे, असे त्याने डोरीनला सांगितले. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटासाठी जो अर्ज दाखल केला त्यात एक ना दोन, ७० दावे होते. आज आपण ज्यास स्टीरिओ म्हणतो त्याचे जवळजवळ सर्व शास्त्र त्या एका लेखात आले आहे.

त्यातील एकच भाग येथे सांगतो, कारण तो आपल्या मुख्य विषयाशी संबद्ध आहे. डाव्या व उजव्या बाजूंचे दोन आवाज एकाच खाचेत कसे बसवावयाचे? ब्लमलाइनने खाचेच्या दोन उतरत्या भिंती ४५ अंशांत कलत्या ठेवून एकीवर एक व दुसरीवर दुसरा आवाज कोरावयाचे ठरविले. मौज अशी की, असे केल्यावर सुईची आडवी हालचाल ही दोन्ही आवाजांची बेरीज होते व उभी हालचाल ही त्यांची वजाबाकी होते. बेरजेत असते ते दोहोंना समान, वजाबाकीत असतो तो दोहोंतील भेद. आणि आवाज कोणत्या दिशेने आला याचे ज्ञान या भेदातच साठविलेले असते. १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात सर टॉमस बीचम यांच्या नेतृत्वाखाली मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम चालू असता या पद्धतीने मुद्रण करून पाहण्यात आले. परंतु मालास गिऱ्हाईक दिसेना, म्हणून कंपनीने ते काम बाजूस ठेविले. स्टीरिओच्या तबकड्या बाजारात सर्रास दिसू लागल्या त्या १९५८ च्या सुमारास. तोपर्यंत त्यांचा जनक जाऊन १६ वर्षे लोटली होती.

काम बाजूस ठेवण्याचे दुसरे कारण टेलिव्हिजन हे होते. शेनबर्गच्या मंडळींनी ४०५ रेघांचे चित्र पाठविण्याची पद्धती हाती घेतली व तिच्या संदेशाची घडण ठरविण्यात ब्लमलाइनचा मोठा वाटा होता. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून बी. बी. सी. ची नियमित सेवा सुरू झाली. प्रथम बेअर्ड याची २४० रेघांची पद्धती व ही पद्धती यांचा आळीपाळीने उपयोग होई. १९३७ च्या फेब्रुवारीत बेअर्डची पद्धती सोडून देण्यात आली. ४०५ रेघांचे प्रक्षेपण ब्रिटनमध्ये थेट जानेवारी १९८५ पर्यंत टिकले.

आता त्या मंडलाकडे वळू. स्टुडिओतील चित्र पाठविणे एक वेळ सोपे. परंतु शहरात दूर घडणारा एखादा प्रसंग दाखवावयाचा तर कॅमेऱ्याचा संदेश केबलने रस्त्यांखालून आणावा लागतो. केबलमध्ये दोन तारा घातल्या, एका तारेवर संदेश चढत असता दुसरीवर तो तितकाच उतरेल अशी योजना केली, तर संदेश हा दोहोंतील फरक होतो. वाटेत शेजारच्या विजेच्या तारांचा गुणगुणाट केबलमध्ये शिरतो खरा, परंतु दोन्ही तारा एकमेकींस लागून असल्यामुळे तो दोहोंवर सारखाच चढतो. मग दुसऱ्या टोकास असा वर्धक हवा की जो फरकास वाढवील व समाईक भागास दाद देणार नाही.

विद्यार्थ्यांनी ठाऊक करून घ्यावे की, त्या काळचा वर्धक म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह. त्यातील तापलेल्या कॅथोडातून इलेक्ट्रॉन निघतात, ॲनोड त्यांस ओढून घेतो, आणि मध्ये असलेली जाळी, म्हणजे ग्रिड, दारावरील पहारेकऱ्याप्रमाणे त्यांची ये-जा कमीजास्त करते. ग्रिड व कॅथोड यांच्या दाबांतील अंतर किंचित बदलले की प्रवाह पुष्कळ बदलतो. ब्लमलाइनने दोन सारखे व्हॉल्व्ह घेतले, त्यांचे कॅथोड एकत्र बांधले, आणि त्या गाठीपासून खाली ऋण टोकापर्यंत एक मोठा रोध जोडला. एका ग्रिडला केबलची एक तार, दुसऱ्या ग्रिडला दुसरी. नकाशात हा रोध जोडीखाली शेपटीसारखा लोंबताना दिसतो. म्हणून इंग्रज इंजिनिअर या मंडलास लाँग-टेल्ड पेअर, म्हणजे लांब शेपटीची जोडी, असे गमतीचे नाव देते झाले.

शेपटीचे काम काय, हे शेतकऱ्याच्या मुलास चटकन कळेल. एकाच पाटावरून शेजारच्या दोन वाफ्यांस पाणी जाते. पाटाचे पाणी ठरलेले. ते कमी होत नाही व अधिकही होत नाही. दोन्ही वाफ्यांची दारे सारखीच रुंद केली तर कोणासही थेंबभर अधिक मिळत नाही, कारण अधिक पाणी आहेच कोठे? परंतु एक दार थोडे रुंद व दुसरे थोडे अरुंद केले की पहिल्या वाफ्याचे पाणी वाढते आणि दुसऱ्याचे तितकेच घटते. मोठा रोध हा त्या ठरलेल्या पाण्यासारखा आहे. दोन व्हॉल्व्हांचा मिळून प्रवाह तो जवळजवळ कायम राखतो. गुणगुणाटाने दोन्ही ग्रिड एकदम वर चढले, की प्रवाह किंचित वाढू पाहतो, त्याबरोबर शेपटीवरील दाब वाढतो व कॅथोडांची गाठही ग्रिडांच्या मागोमाग वर चढते. ग्रिड व कॅथोड यांतील अंतर होते तसेच राहते, आणि व्हॉल्व्हास तर केवळ अंतरच कळते. याच्या उलट, एक ग्रिड वर व दुसरा तितकाच खाली गेला तर गाठ जागची हलत नाही; प्रवाह एका व्हॉल्व्हातून दुसऱ्यात वळतो आणि संदेश पुरेपूर वाढतो.

आकडे घालून पाहू. समजा, समाईक गुणगुणाट १ व्होल्ट आहे व खरा संदेश त्याच्या शतांश, म्हणजे ०.०१ व्होल्ट आहे. फरकाची वाढ २० पट होते असे धरले तर संदेश ०.२ व्होल्ट झाला. ॲनोडाचा रोध २०,००० ओम व शेपटीचा १,००,००० ओम असेल, तर समाईक भागाचा जो अंश ॲनोडावर उमटतो तो सुमारे २०,००० भागिले २,००,०००, म्हणजे एक दशांश. तेव्हा गुणगुणाट राहिला ०.१ व्होल्ट. जो आधी शंभरपट मोठा होता तो आता संदेशाच्या निम्म्यावर आला. शिवाय दोन्ही ॲनोडांमधील फरक घेतला आणि व्हॉल्व्ह खरोखर सारखे असले, तर उरलेलाही बहुतेक जिरतो. शेपटी जितकी लांब तितके बरे; परंतु २ मिलिअँपिअर प्रवाह १,००,००० ओमांतून नेण्यास २०० व्होल्ट एकट्या शेपटीसच खर्ची पडतात, ही अडचण आहे. म्हणून पुढे इंजिनिअरांनी शेपटीच्या जागी प्रवाह कायम राखणारा आणखी एक व्हॉल्व्ह, व नंतरच्या काळात ट्रान्झिस्टर, बसविण्याची प्रथा पाडली.

१२ मे १९३७ रोजी सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नर येथून तीन कॅमेऱ्यांनी टिपण्यात आली, आणि तिची चित्रे लंडनच्या रस्त्यांखालून घातलेल्या खास केबलने अलेक्झांड्रा पॅलेसला पोचविण्यात आली.

येथे न्याय्य बोलले पाहिजे. फरक वाढविण्याची कल्पना एकट्या ब्लमलाइनलाच सुचली असे नाही. केंब्रिजचे ब्रायन मॅथ्यूज यांनी मज्जातंतूंतील सूक्ष्म संदेश मोजण्याकरिता अशा तऱ्हेचा वर्धक १९३४ मध्येच प्रसिद्ध केला होता, व अमेरिकेत फ्रँक ऑफनर आणि ऑटो श्मिट यांनी १९३७ मध्ये आपापल्या रचना मांडल्या. परंतु समाईक भागास खिळवून ठेवणारी लांब शेपटी ब्लमलाइनच्या पेटंटात आहे, आणि ती इंग्लंडात भराभर पसरली. केंब्रिजचा एड्सॅक व टेडिंग्टनचा पायलट एस या पहिल्यावहिल्या संगणकांतही ही जोडी होती. आज तांदळाच्या दाण्याएवढ्या सिलिकॉनवर जे ऑपरेशनल ॲम्प्लिफायर तयार होतात, त्यांच्या अगदी प्रवेशद्वाराशी दोन ट्रान्झिस्टर अशाच शेपटीवर बसलेले असतात.

युद्धाचे ढग जमू लागले तसा ब्लमलाइनच्या कामाचा ओघ बदलला. शत्रूचे विमान कोठे आहे हे सैनिक मोठाल्या कर्ण्यांना कान लावून ठरवीत. त्या कर्ण्यांतील दोन आवाजांचा भेद पडद्यावर डोळ्यांना दिसावा असे यंत्र त्याच्या मंडळींनी केले. म्हणजे बोलपटगृहात सुचलेली तीच विद्या येथे तोफखान्याच्या कामी आली. पुढे रडारकडे तो पूर्णपणे वळला. एच-टू-एस हे रडार विमानाच्या पोटाखाली बसवावयाचे असून, सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या लहरी खाली सोडून काळोखात वा ढगांवरूनही जमिनीचा नकाशा पडद्यावर दाखविणे हे त्याचे काम होते. याचा मुख्य उपयोग शहरांवर बाँब टाकणाऱ्या विमानांस वाट दाखविण्याकडे झाला, हे चरित्रलेखकाने झाकून ठेवणे योग्य नव्हे. ज्या हातांनी संगीतास दिशा दिली त्याच हातांवर हेही काम येऊन पडले.

विमाने ही ब्लमलाइनची जुनी हौस. तो स्वतः विमान चालविण्यास शिकला होता. रविवार, ७ जून १९४२ रोजी या रडारच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीचे एक विमान डेफर्डच्या तळावरून उडाले. त्यात ब्लमलाइन, त्याचे ई. एम. आय. मधील सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लायदेन, आणि इतर आठ जण होते. उजवीकडील बाहेरच्या इंजिनाने पेट घेतला, आग पंखात पसरली, आणि विमान हेरफर्डशायरमधील वेल्श बिकनर गावाजवळ कोसळले. अकरांपैकी कोणीही वाचले नाही. चौकशीअंती असे निघाले की इंजिनातील एक नट तपासणीनंतर नीट आवळलेला नव्हता. त्यामुळे झडप मोडली व ज्वाळा बाहेर आल्या. ब्लमलाइनचे एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हावयास २२ दिवस उरले होते. मागे पत्नी डोरीन व सायमन आणि डेव्हिड हे दोन मुलगे राहिले. नावावर १२८ पेटंटे होती.

त्याच रात्री बर्नार्ड लव्हेल हे तरुण शास्त्रज्ञ अवशेषांजवळ गेले व रडारचा गाभा असलेला मॅग्नेट्रॉन शत्रूच्या हाती लागू नये म्हणून शोधून परत घेऊन आले. काम थांबले नाही. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हे रडार हँबर्गवरील स्वारीत प्रथम वापरले गेले. एवढा मोठा माणूस गेला हे शत्रूस कळू नये म्हणून अपघाताची वार्ता गुप्त ठेवण्यात आली, व युद्ध सरत येईपर्यंत वर्तमानपत्रांत त्याचा मृत्युलेखही येऊ शकला नाही. ज्यांनी त्याच्या हाताखाली काम केले त्यांस त्याची योग्यता ठाऊक होती. इतर जगास मात्र त्याचे नाव पुढे कैक वर्षे अपरिचितच राहिले. ईलिंग येथील त्याच्या घरावर निळी स्मृतिफलिका लागली ती १९७७ मध्ये; आणि अपघातस्थळापासून जवळच असलेल्या गुडरिच किल्ल्यातील प्रार्थनामंदिरात, रडारच्या कामी प्राणांस मुकलेल्यांच्या स्मरणार्थ, १९९२ मध्ये रंगीत काचांची एक खिडकी बसविण्यात आली.